नामवंत कोणास म्हणावे?

वार्षिक अंकाची जुळवाजुळव सुरू झाली की एका पानाविषयी शिक्षकांच्या खोलीत हटकून वाद होतो. ते पान म्हणजे ‘आमचे नामवंत माजी विद्यार्थी’. शहरातील जुन्या व सधन विद्यालयांच्या अंकांत हे पान मोठ्या थाटाने छापलेले असते. त्यात न्यायाधीश असतात, शल्यवैद्य असतात, परदेशी स्थायिक झालेले इंजिनियर असतात आणि प्रत्येकाच्या नावापुढे पदव्यांची माळ असते. रांजणगावासारख्या ठिकाणच्या शाळेने असे पान छापावे काय, आणि छापल्यास त्यात कोणास जागा द्यावी, हा तो वाद. पालकही आडपडदा न ठेवता विचारतात, “गुरुजी, या शाळेतून आजवर कोण मोठा झाला?”

प्रश्न रास्त आहे. ज्या बापाने औद्योगिक वसाहतीत रात्रपाळ्या केल्या, ज्या आईने कांद्याच्या खुरपणीला जाऊन वह्यापुस्तकांचे पैसे साठविले, त्यांना आपण कोणत्या झाडाखाली बसलो आहोत, त्याला फळ धरते की नाही, हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. आमची तक्रार प्रश्नाविषयी नाही. ‘मोठा’ हा शब्द ज्या मापाने मोजला जातो त्या मापाविषयी मात्र आहे, आणि ते माप पारखून पाहण्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

सधनांच्या विद्यालयाचे श्रेय ठरविणे फार कठीण असते. मुलगा बॅरिस्टर झाला, पण तो शाळेमुळे झाला, की वाडवडिलांच्या पेढीमुळे, की घरातील ग्रंथांच्या कपाटामुळे, हे कोण सांगणार? ज्यांना इतर सर्व दारे बंद होती अशांसाठी जी विद्यालये निघाली, त्यांचा हिशोब मात्र स्वच्छ असतो. तेथे येणाऱ्याच्या घरी कपाट नव्हते, पेढी नव्हती, कित्येकदा अक्षरही नव्हते. तेथून जो काही घडून निघाला, त्याच्या घडणीत शाळेचा हात स्पष्ट दिसतो. म्हणून शाळेचे माप शोधावयाचे तर तेथेच शोधावे, असे आम्हांस वाटते.

अशा विद्यार्थ्यांची महाराष्ट्रातील पहिली आठवण आपल्या पुण्याचीच आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मातंग समाजातील मुलगी. वय चौदा वर्षांचे आणि शिक्षण अवघे तीन वर्षांचे. १८५५ साली तिचा महारमांगांच्या दुःखाविषयीचा निबंध अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. ज्या धर्मग्रंथांना आम्ही शिवूही शकत नाही ते आमचे कसे, आणि मग आमचा धर्म तरी कोणता, असा तिचा सवाल होता. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या समाजातील स्त्रियांची स्थितीही तिने त्यात मांडली. एवढ्या एका निबंधापलीकडे तिचे लेखन आपल्यापर्यंत आलेले नाही. पद नाही, पदवी नाही, मानपत्र नाही. आजच्या रिवाजाप्रमाणे यादी केली तर मुक्ता साळवे तीत बसणार नाही. पण त्या शाळेने काय केले हे सांगावयास तिच्याहून बलवान साक्षीदार आम्हांस तरी ठाऊक नाही.

येथे एका मोठ्या योगायोगाकडे लक्ष वेधणे अवश्य वाटते. स्वतः जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेचे विद्यार्थी. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अर्पण केले अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना. ज्या गुलामांना ही मुक्ती मिळाली त्यांची मुले त्या वेळी काय करीत होती? ती शाळा-कॉलेजांत जात होती. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि पुढल्याच वर्षी, १८६६ च्या जानेवारीत, नॅशव्हिल शहरी लष्करी इस्पितळाच्या जुन्या बराकींत फिस्क विद्यालय सुरू झाले. १८६७ साली वॉशिंग्टन येथे हॉवर्ड विद्यापीठ आणि १८६८ साली व्हर्जिनियात हॅम्प्टन निघाले. फिस्क व हॅम्प्टन यांना ज्या अमेरिकन मिशनरी असोसिएशनने उभे केले, तिच्या पाठीशी मुख्यत्वे काँग्रिगेशनल मंडळ्या होत्या. आणि त्याच मंडळ्यांच्या पैशावर व माणसांवर आपल्याकडील अमेरिकन मराठी मिशन मुंबईत व अहमदनगरास चालले होते. आपल्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याने पुढे गेले की जे नगर लागते (२०२४ सालापासून ज्याचे नाव अहिल्यानगर आहे) तेथे मिस सिंथिया फरार यांनी मुलींना शिकविले, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे त्यांच्यापाशी घेतले. दान एकाच झोळीतले होते. एक मूठ टेनेसीत पडली, एक आपल्या दख्खनच्या मुरमाड जमिनीत.

त्या अमेरिकन विद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांची यादी करावयास बसले तर पुस्तक होईल. आम्ही दोघांचीच हकीकत सांगतो, कारण तीत आमच्या मापाची खूण आहे.

थर्गुड मार्शल यांस वकील व्हावयाचे होते. त्यांच्या स्वतःच्या मेरीलँड प्रांताच्या विद्यापीठातील कायद्याचे दालन कृष्णवर्णीयांस बंद होते. ते हॉवर्डला गेले आणि १९३३ साली तेथून पदवीधर झाले. हॉवर्डमधील त्यांचे गुरू चार्ल्स ह्यूस्टन यांच्याबरोबर त्यांनी पहिल्या मोठ्या खटल्यांपैकी एक लढविला, तो त्याच मेरीलँड विद्यापीठाविरुद्ध. आणि १९३६ साली वरिष्ठ न्यायालयातही जय मिळून ते दार एका कृष्णवर्णीय तरुणास उघडले. पुढे १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा निकाल त्यांनी मिळविला आणि १९६७ साली ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. लोक त्यांस न्यायमूर्तिपदामुळे थोर म्हणतात. आमच्या मते ते १९३६ सालीच थोर झाले होते.

दुसरे डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस. हे १८८८ सालचे फिस्कचे पदवीधर. पुढे हार्वर्डचे डॉक्टर झाले. फिस्कमध्ये असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत ते टेनेसीच्या आडगावांत जाऊन गोरगरीब मुलांच्या शाळेवर शिकवीत. १९४६ साली त्यांना मुंबईहून एक पत्र गेले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत पाठवावी, अशी त्यात मागणी होती. आपल्या अस्पृश्य बांधवांची स्थिती व त्यांची स्थिती यांत साम्य आहे, म्हणून तो अर्ज पाहावयाचा आहे, असा आशय होता. पत्राखाली सही डॉ. भीमराव आंबेडकर यांची. डू बॉइस यांनी त्याच जुलै महिन्याच्या अखेरीस आपुलकीचे उत्तर धाडले.

त्याच १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. पीपल्स एज्युकेशन सोसायटी ही त्यांची संस्था त्याआधी एक वर्ष, म्हणजे १९४५ च्या जुलैत, स्थापन झाली होती. पण ज्या महाविद्यालयाविषयी आम्हांस विशेष लिहावयाचे आहे ते १९५० साली औरंगाबादेस (आजच्या छत्रपती संभाजीनगरास) निघालेले मिलिंद महाविद्यालय होय. फिस्क आणि हॉवर्ड यांना मराठी मुलखात जवळचे भावंड शोधावयाचे तर ते हेच.

त्या काळचा मराठवाडा आजच्या मुलांना कल्पनेने उभा करावा लागेल. तो मुलूख निजामाच्या राज्यातून नुकताच मोकळा झालेला. तेथे विद्यापीठ स्थापन झाले ते १९५८ साली. त्यापूर्वी वरच्या शिक्षणासाठी हैदराबादेची वाट धरावी लागे, आणि ती वाट पैसेवाल्यांची होती. अशा ठिकाणी, मुंबई-पुण्यापासून दूर, गावकुसाबाहेरच्या मुलांच्या हाताशी पडेल असे महाविद्यालय काढणे हे धाडसच होते. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. परिसराचे नाव नागसेनवन. तेथे झाडे लावावीत, राखावीत, याचा बाबासाहेबांस केवढा ध्यास होता, हे जुनी माणसे अद्याप सांगतात.

नावातच सारे मर्म आहे. मिलिंद हा यवन राजा, आणि नागसेन हा भिक्षू. राजा प्रश्नामागून प्रश्न विचारी आणि भिक्षू उत्तरे देई. त्यांचा संवाद पाली ग्रंथात सुरक्षित आहे. स्वतःच्या, घराण्याच्या किंवा देणगीदाराच्या नावाने कॉलेज काढणारे पुष्कळ. येथे विद्यार्थ्याच्या महाविद्यालयास प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले आणि भोवतालच्या वनास उत्तर देणाऱ्याचे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ‘विचारू नको’ एवढेच शिकविले गेले होते, त्यांच्या मुलांना हे नाव रोज दारावर वाचावयास मिळावे, यात आम्हांस केवढी तरी शिक्षणदृष्टी दिसते. (आमच्या वर्गांत प्रश्न विचारणारा मुलगा अद्यापही ‘आगाऊ’ ठरतो, हे येथे नमूद केल्याविना राहवत नाही.)

आता तेथील विद्यार्थी पाहा. प्र. ई. सोनकांबळे हे एक नाव. आई-बापांविना वाढलेला, बहिणीच्या आसऱ्याने राहिलेला, मिळेल ते काम करीत, मिळेल ते खात शाळा शिकलेला हा मुलगा मिलिंदमध्ये आला, शिकला आणि पुढे त्याच शहरात इंग्रजीचा प्राध्यापक झाला. १९७९ साली त्यांनी ‘आठवणींचे पक्षी’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले. मराठीत दलित आत्मकथनांची जी परंपरा झाली, तिच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. पुस्तकात आदळआपट नाही. उपाशी मुलाने पाहिलेले जग, ज्या भाषेत पाहिले त्याच भाषेत सांगितले आहे. वरच्या वर्गांतील मुलांनी ते अवश्य वाचावे.

दुसरे डॉ. सुखदेव थोरात. अमरावती जिल्ह्यातील महिमापूर हे त्यांचे गाव. मिलिंदमधून ते पदवीधर झाले, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अर्थशास्त्राचे अध्यापक झाले आणि २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. देशातील विद्यापीठांची अनुदाने ज्या कचेरीतून सुटतात तिच्या प्रमुखपदी, एकेकाळी ज्यांस शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसविले जाई त्यांतील एक मनुष्य बसला. पण आम्हांस त्याहून मोलाची गोष्ट वाटते ती ही की, त्यांनी आयुष्यभर अभ्यासाचा विषय कोणता निवडला? जातीमुळे माणसास बाजारात, नोकरीत, जमिनीच्या व्यवहारात काय मुकावे लागते, हे आकड्यांनी दाखविणे. ज्या दारातून आपण आलो ते किती अरुंद आहे, हे त्यांनी मोजून लिहून ठेवले.

अध्यापकांस वगळून विद्यार्थ्यांची गोष्ट पुरी होत नाही. प्राचार्य म. भि. चिटणीस हे सवर्ण समाजातील. त्यांनी मिलिंदच्या विद्यार्थ्यांसाठी ‘युगयात्रा’ नाटक लिहिले. त्याचा प्रयोग बाबासाहेबांनी पाहिला आणि १९५६ साली नागपुरासही तो झाला. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत अभ्यास करून साठच्या दशकात परतले, आणि तेथील कृष्णवर्णीय लेखकांनी आपले दुःख कसे वाङ्मयात आणले हे येथील तरुणांस सांगू लागले. म्हणजे फिस्क-हॉवर्डच्या परंपरेचा धागा नागसेनवनात प्रत्यक्ष येऊन मिळाला. डॉ. गंगाधर पानतावणे हे तेथील मराठीचे अध्यापक. त्यांच्या हातून १९६८ पासून ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालले, आणि २०१८ साली ते निवर्तले तोवर त्यांनी कित्येक नवोदितांचे पहिले लेखन त्यात छापले. ज्यास दुसरीकडे ‘साभार परत’ मिळाले असते, त्याच्या कवितेस येथे पान मिळाले. एखाद्या कॉलेजच्या आवारातून वाङ्मयाचा एक प्रवाहच निघावा, अशी उदाहरणे आपल्या भाषेत थोडी आहेत.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो व तो सुज्ञ माणसांकडूनही घेतला जातो. अशा निराळ्या संस्था काढल्याने निराळेपणा वाढत नाही काय? आक्षेपकांस आमची विनंती आहे की त्यांनी दार कोणी बंद केले व कोणी उघडे ठेवले, हे एकदा पाहावे. हॉवर्डच्या आरंभीच्या वर्गात विश्वस्तांच्याच गोऱ्या मुली बसल्या होत्या. मिलिंदमध्ये मराठवाड्यातील सर्व जातींची मुले शिकली, कारण जवळ दुसरी सोय कोठे होती? ज्यांना वगळले गेले त्यांच्यासाठी काढलेल्या शाळेने कोणासही वगळले नाही. निराळेपणा होता तो आधीचा, आणि तो दुसऱ्यांनी निर्माण केलेला.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. दहा नावे आपण मिरवितो; पण ज्या शेकडो मुलांनी पैशाअभावी मध्येच कॉलेज सोडले, त्यांचे काय? याला आमच्यापाशी सफाईदार उत्तर नाही. नामवंतांची यादी ही स्वभावतःच थोडी खोटी असते; ती विहिरीतून वर आलेले पोहरे मोजते, तळाशी राहिलेले पाणी मोजत नाही. म्हणूनच यादी करणाराने आपल्या मापाविषयी दुप्पट सावध असावे.

ते माप आता आम्ही सांगतो. मार्शल यांनी बंद दार मागच्यांसाठी उघडले. सोनकांबळे शिकले त्याच शहरात शिकवीत राहिले. साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, आणि मुंबईत कचेरी न थाटता रयत शिक्षण संस्थेच्या कामास लागले. पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ती गोष्ट नंतरची. मुक्ता साळवेने तर चौदाव्या वर्षीच आपल्या मागे असलेल्यांसाठी तोंड उघडले. या सर्वांत समान काय? पद नव्हे. ज्या वाटेने आपण आलो ती वाट त्यांनी मागून येणाऱ्यांसाठी थोडी रुंद केली. ज्याने हे केले तो नामवंत. मग त्याचे नाव त्याच्या गल्लीपलीकडे कोणास ठाऊक असो वा नसो.

या मापाने आपल्या परिसराकडे पाहिले की यादी एकदम लांबते. घराण्यातील पहिली दहावी पास झालेली आणि आता आपल्या वस्तीवर अंगणवाडी चालविणारी मुलगी तीत येते. कारखान्यात पर्यवेक्षक झाल्यावर धाकट्या दोन भावांस आयटीआयला घालणारा मुलगा येतो. ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका येते, जिच्याकडे पाहून तिच्या आळीतील चार मुलींनी नर्सिंगचे अर्ज भरले. उलट, मोठ्या पगारावर असलेला, पण गावाकडचा पत्ता सांगावयास लाजणारा गृहस्थ तीत येईलच असे नाही. आणि त्याने अंकास जाहिरात दिली तरी या एका पानावर त्यास जागा देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत शिक्षकांच्या खोलीत सर्वांस मान्य नाही, हेही सांगून टाकतो. जाहिरातींवाचून अंक निघत नाही, असे आमचे एक सहकारी म्हणतात, आणि हिशोबाची वही त्यांच्याकडे असल्याने त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही.

तूर्त एवढे ठरले आहे की पुढील वर्षीच्या अंकासाठी नावे पालकांकडून व विद्यार्थ्यांकडून मागवावीत. मुलांनो, आपल्या आळीत, वस्तीवर, नात्यात या शाळेत शिकून गेलेले जे कोणी असतील त्यांच्याकडे जा, त्यांची संमती घ्या आणि एका कागदावर चार गोष्टी लिहून आणा: ते कोणत्या साली शाळेत होते, हल्ली काय करतात, त्यांच्या आई-वडिलांचे शिक्षण किती होते, आणि त्यांच्यामुळे पुढे कोण शिकले. पदवी व पगार लिहिण्याची गरज नाही. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यास वेळ लागेल, कारण अशी माणसे स्वतःहून ते सांगत नाहीत. त्यांच्या शेजाऱ्यांस विचारावे. कागद दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गशिक्षकांकडे द्यावेत.